वारा आपल्याकडून

मेचा तिसरा आठवडा, दुपारचे अडीच.
हिंगणा रोडवरच्या शाळेची गच्ची.
लोखंडी पेटीची कडी उघडायला रुमाल लागतो.
आत पंप घरघरतोय,
पडद्यावर आकडा: एक्क्याण्णव.
"म्याडम, बिघडली का काय हो मशीन?"
पाणी चढत नसलं की कूलरला मारावी
तशी थाप बंडूभाऊ उईके पेटीला मारतात.
आकडा हलतो. ब्याण्णव होतो.

मी नळी पाहते, गाळणी काढते.
नाण्याएवढी पांढरी चकती,
इथे आठ दिवसांत चहाच्या बशीच्या तळासारखी होते.
तिथे महिना उलटला तरी पांढरीच.
बदलली की नाही, हे वहीत शोधावं लागे.

तिथे म्हणजे दक्षिणेला, बर्फाच्या काठावर,
तेवीस माणसांत चौदा महिने.
माझी खोली स्टेशनपासून चारशे पावलं,
वादळात दोरी धरून जायचं,
दोरीही दिसत नसे, हातमोज्यातून नुसती कळायची.
आई फोनवर म्हणायची,
"हवा तरी चांगली असंल नं तिथं?"
"एकवीस."
"एकवीस काय?"
"अब्जात एकवीस, आई. ओझोन."
"बरं बाप्पा. जेवली का?"

सप्टेंबरात एका सकाळी आकडा उतरू लागला.
अकरा. सहा. दोन.
मग नुसतं शून्य, दिवसभर.
मी पंप पाहिला, दिवा पाहिला,
नळी इंच इंच चाचपली.
बिघाड नव्हता.
समुद्रावरच्या कोवळ्या बर्फातलं मीठ
नुकत्या परतलेल्या उन्हाला हाताशी धरून
ओझोन खात बसलं होतं.
माणूस नसला तरी हवेत पंगती उठतात.
वहीत लिहिलं: यंत्र ठीक. हवाच तशी.

पण रोजचं काम याहून बारीक होतं.
इमारतीमागे जनरेटर.
वारा वळला की आमचाच धूर माझ्या नळीत शिरायचा
आणि आकडा खोटा पडायचा.
त्या तासांपुढे तांबड्या पेनाने दोन अक्षरं: वा. आ.
वारा आपल्याकडून.
ते तास हिशोबात धरायचे नाहीत.
डॉक्टर थपलियाल विचारायचा,
"मी कुकर लावला तरी खूण करशील?"
केली असती.
वर्षाअखेरी मोजले तर तीनशे बारा तास.
बाकीचं सगळं आकाश
आपल्याला ओळखतही नव्हतं.

आता इथे पेन हातात आहे.
कोराडीकडून येतो तो आपल्याकडून,
वाडीच्या ट्रकांकडून येतो तो आपल्याकडून,
बुटीबोरीकडचा तर आपल्या पगाराचाच.
त्यात गंमत अशी की व्हेरायटी चौकात, बसच्या ऐन धुरात,
आकडा कमी भरतो. ताजा धूर ओझोनला गिळतो.
तो वाढतो पुढे,
धूर शिळा होऊन उन्हात मुरतो तिथे:
कळमेश्वरला, मावसभावाच्या संत्र्यांत.
पानांवर बारीक ठिपके पडलेत.
तो रोग समजून फवारतो.
मी त्याला सांगितलं.
"म्हंजे चौकातली हवा बरी म्हण की," म्हणाला.
नाही रे, म्हटलं, आणि पुढचं वाक्य सापडेना.

खाली मैदानात एक पोरगा
तीन काठ्यांना एकटाच बॉल टाकतोय.
सुट्टी आहे, सावली नाही.
धावत येतो, टाकतो, गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहतो,
मग स्वतःच जाऊन बॉल आणतो.
बंडूभाऊ गच्चीवरून ओरडतात, "अबे, पाचनंतर खेळ!"
तो हात हलवतो. पुन्हा धावत येतो.

मी वहीत तारीख टाकते, वेळ टाकते.
यंत्र ठीक.
वाऱ्याचा रकाना उरतो.
गच्चीवरचं दिशादर्शक चार दिवसांपासून माकडांनी मोडलेलं,
म्हणून बंडूभाऊ बोट ओलं करून वर धरतात.
"इकडूनच येऊन राहिला, म्याडम."
इकडून म्हणजे?
ते चारी बाजूंना वळून पाहतात.
तोवर बोट वाळलेलं असतं.